मदत हवी आहे : किडनी ट्रान्सप्लांटआधी जीनची तपासणी कुणी केली आहे का?

नमस्कार मंडळी. आम्ही तासगावचे. धाकट्या भावाचं डायलिसिस मिरजेला चालू आहे, किडनी आई देतेय. एचएलए (पेशींवरच्या खुणा, ज्यावरून शरीर आपलं-परकं ओळखतं) निम्मं जुळलं (आई-मुलात निदान तेवढं जुळतंच), क्रॉसमॅच (भावाच्या रक्तात आईच्या पेशींविरुद्ध अँटीबॉडी आहेत का, ती तपासणी) निगेटिव्ह आला.

आता पाहुण्यांतला एक शिकलेला पोरगा म्हणतो, एचएलए म्हणजे सगळं नव्हे. किडनी काढून दुसऱ्याला बसवताना तिचा रक्तपुरवठा तुटतो, परत सुरू होताना पेशींना इजा होते. ती इजा टीएलआर-४ नावाचा रिसेप्टर (पेशीवरचा धोका ओळखणारा प्रोटीन) हेरतो आणि सूज वाढवतो. काहींच्यात या रिसेप्टरच्या जीनमध्ये जन्मतःच फरक असतो, त्यामुळं तो कमी काम करतो. अशा दात्याची किडनी लवकर चालू होते, असं काही अभ्यासांत दिसलंय. किडनीच्या पेशी शेवटपर्यंत दात्याच्याच राहतात, त्यामुळे मला हे पटलं.

डॉक्टर मात्र स्पष्ट म्हणाले, "रिपोर्ट काहीही आला तरी गोळ्या त्याच." टॅक्रोलिमसच्या (शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून द्यायचं औषध) डोससाठी सीवायपी३ए५ या जीनची (शरीर ते औषध किती लवकर मोडतं ते यावरून कळतं) तपासणी असते, पण शेवटी रक्तातली पातळी बघूनच डोस ठरतो म्हणे.

तरी एक लॅबवाला मोठं पॅकेज गळ्यात मारतोय. सांगली-कोल्हापूरकडं कुणी टीएलआर-४ची तपासणी केली का? रिपोर्टमुळं उपचारात खरंच काही बदललं? पैसे औषधांना ठेवावेत असं माझं मत, पण आई ऐकेना.