भुभूला 'नमस्कार' कसा शिकवायचा? खाऊ देऊन शिकवणाऱ्यांचा सल्ला हवा आहे

मोगरा_चिंचवड
आमची चिमी १० महिन्यांची, गावठी. २ महिन्यांची असताना रिक्षाखाली सापडली. 'बस' आणि 'हात दे' उकडलेल्या चिकनवर पटकन शिकली. आता नमस्कार शिकवायचाय, म्हणजे पुढचे पाय पसरून कोपरं जमिनीला आणि मागचा भाग वर. गंमत म्हणून आहेच, पण गणपतीला माझी ८१ वर्षांची आजी येणार आहे आणि चिमी पाहुणा दिसला की दोन पायांवर उभी राहून अंगावर येते. खूप भीती वाटते मला त्याची.

अडचण अशी की खाऊ खाली नेला की ती सरळ आडवीच होते. सोसायटीतल्या एका काकांनी खांदे दाबून शिकवायला सांगितलं. दोनदा केलं. आता माझा हात पुढे आला की मान वळवून बाजूला सरकते. फार वाईट वाटतंय.

टेकडीकर
मोगराताई, दाबणं आजपासून बंद करा. मान वळवणं, ओठ चाटणं, झोप आलेली नसताना जांभई देणं, हे सगळं 'मला हे नको' असं सांगणंच असतं. चार दिवस तुमचा हात फक्त खाऊ द्यायलाच पुढे येऊ दे. विश्वास परत येतो.

आणि नमस्कार चिमीला येतोच हो! झोपेतून उठल्यावर आळस देते ना, तोच. तो फक्त पकडायचा आहे.

त्यासाठी आधी एक खुणेचा शब्द ठरवा. 'हां' किंवा 'शाब्बास' नको, ते घरात दिवसभर कानावर पडत असतं. आमच्याकडे 'टिक' आहे. दोन दिवस नुसतं 'टिक' म्हणायचं आणि लगेच खाऊ द्यायचा, एका वेळी १०-१५ वेळा. 'टिक' ऐकून ती झटकन तुमच्याकडे बघायला लागली की शब्द तयार झाला.

एवढा खटाटोप कशाला, तर आळस दोन-तीन सेकंदांचा असतो. तुम्ही डबा उघडेपर्यंत ती उभी राहिलेली असते, आणि तिच्या लेखी खाऊ मिळाला तो उभं राहिल्याबद्दल. शब्द मात्र कोपरं टेकताक्षणी पोचतो. १९६० च्या दशकात हवाई बेटांवर केरन प्रायर डॉल्फिन शिकवायच्या तेव्हा त्यांच्याकडे शिट्टी असायची. पाण्यातल्या जनावराला ना पट्टा बांधता येतो ना दाबता येतं, उडी हवेत असतानाच 'हेच हवं होतं' एवढं कळवायचं. कुत्र्यांसाठीचा क्लिकर, म्हणजे दाबला की 'टिक' वाजणारी छोटी डबी, त्याच विचारातून लोकप्रिय झाला.

सकाळी ती उठायच्या आधी डबा हाताशी ठेवा. खाऊ पुढच्या दोन पायांच्या मध्ये, खाली द्या. 'नमस्कार' हा शब्द इतक्यात नको. आता ती करणारच अशी खात्री वाटायला लागली की करण्याच्या आधी एकदाच म्हणा.

काजूची_आई
वरच्या प्रतिसादाला +१. खाऊने वळवूनही जमतं, हात परत चालायला लागला की करून बघा. उभी असताना खाऊ नाकाशी धरा आणि छातीच्या दिशेने तिरका खाली न्या, दोन पायांच्या मधोमध. कोपरं टेकायची वाट बघू नका, मान खाली गेली की लगेच 'टिक'. मग एकेक बोट खाली जात चला. आडवी झाली तर रागवायचं नाही, आपल्याला उशीर झाला एवढंच. पोटाखाली हात धरा असंही कुणी सुचवेल, चिमीसाठी मी ते टाळेन.

गुळगुळीत फरशीवर पाय सरकतात, चटई घाला. एका वेळी तीन मिनिटं पुरे.

डॉ_श्वानप्रेमी
तुकडा अर्ध्या हरभऱ्याएवढाच ठेवा. चिकन किंवा पनीर, बिनमिठाचं, कांदा-लसूण न लावलेलं, आणि तेवढं जेवणातून कमी करा. गणपतीत खिरापतीचं ताट वर ठेवा, त्यातली खिसमिस कुत्र्यांच्या किडनीवर उठू शकते. चॉकलेटही नाही. सांधे दुखणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्याला हा नमस्कार शिकवू नये, चिमीला काही हरकत नाही.

मोगरा_चिंचवड
तीन आठवड्यांनी लिहितेय, सगळ्यांचे मनापासून आभार!

पहिले चार दिवस फक्त 'टिक' आणि खाऊ. मग रोज सहाला गॅलरीजवळच्या चटईशेजारी बसायचे. पाचव्या सकाळपर्यंत फार तर सहा आळस पकडता आले असतील. नवव्या दिवशी संध्याकाळी मी भाजी निवडत होते. चिमी चटईवर आली, माझ्याकडे बघितलं, कोपरं टेकली आणि तशीच थांबली. शेपटी हलत होती, डोळे माझ्या तोंडाकडे, 'टिक' कधी येतं याची वाट बघत. मेथी टाकून उठले आणि तीन तुकडे दिले. मला रडूच आलं.

आता 'नमस्कार' म्हटलं की दहातले आठ वेळा करते, आणि खाली वाकलेली असताना अंगावर उडी मारताच येत नाही. हाताला घाबरणंही गेलं. पण हे सगळं त्या चटईवरच! दाराशी म्हटलं तर नुसती बघत राहते. आजी पुढच्या रविवारी येतेय.

टेकडीकर
वा, चिमी! ती हट्ट करत नाहीये. तिच्यासाठी चटई हा नमस्काराचाच भाग झालाय. चटई दाराशी न्या, दोन दिवसांनी अर्धी घडी करा, मग पाव, मग काढून टाका. नव्या जागी पुन्हा दर वेळी खाऊ द्या, पक्कं झालं की मग अधूनमधून. घरातलं कुणीतरी बेल वाजवून आत येऊ दे, रोज तीन-चारदा.

रविवारी पट्टा लावून ठेवा. चटईचा तुकडा दारात राहिला तरी चालेल. आणि आजींनी खाऊ हातातून भरवायचा नाही, तो चिमीसमोर जमिनीवर टाकायचा.