तिसरीचा वर्ग, बाहेर पाऊस आणि मधली सुट्टी

सी-५०३: सोसायटीच्या ग्रुपवरच्या शिक्षक मंडळींना एक विचारायचंय. पालक प्रतिनिधी म्हणून शाळेला सामान द्यायचंय. तिसरी, ४२ मुलं, जोडबाकं जमिनीला ठोकलेली. मधली सुट्टी २५ मिनिटं. पावसामुळे मैदान बंद. दोन कॅरम बोर्ड घेऊन टाकू का?

बी-२०१: कॅरम नको हो. दोन बोर्डांवर खेळणार ८ मुलं, उरलेली ३४ डोक्यावर उभी राहून सोंगट्या मोजणार. त्यात या हवेत पावडरीचे गोळे होतात, स्ट्रायकर मध्येच अडतो. आणि १९ पैकी एक सोंगटी हरवली की बोर्ड कपाटामागे जातो तो कायमचा.

डी-१०२: स्मार्ट बोर्ड आहे ना? कार्टून लावा, सगळे गप्प.

ए-९०४: गप्प राहतील, पण मग ती सुट्टी कसली? पुढच्या तासाला तीच मुलं बाकाखाली. शिवाय ४२ जणांचं एका कार्टूनवर एकमत होणं म्हणजे आपल्या सोसायटीची वार्षिक सभा 😄

बी-२०१: सी-५०३, चल्लस आठ करून द्या, कवड्या टाकून पटावर खेळतात तो खेळ. विदर्भाकडच्यांना सांगायला नको. ५ × ५ घरांचा पट, चारही कडांचं मधलं घर आणि पटाचं मधलं घर फुलीचं. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ५ सेंमीची घरं आखली की २५ सेंमीचा पट होतो, बाकावर आरामात मावतो. वरून रुंद पारदर्शक चिकटपट्टी लावा, नाहीतर पाण्याची बाटली सांडली की पट गेला. बाहेरची १६ घरं एका दिशेने, आतली ८ उलट्या दिशेने, मग मधलं घर. फुलीवर बसलेल्याला मारता येत नाही.

सी-५०३: कवड्या कुठे मिळतील?

बी-२०१: दादरला पूजेच्या दुकानांत मिळतात. पण मी तर चिंचोके म्हणेन. एका बाजूने पॉलिश पेपरवर घासायचे, पांढरा गर दिसून बाजू सपाट होईपर्यंत. चार चिंचोके टाकायचे, जितके पांढरे वर तितकी घरं. चारही पांढरे म्हणजे ४, चारही काळे म्हणजे ८, आणि या दोन्हींना पुन्हा टाकायला मिळतं. नुसतं साल निघेपर्यंत घासलं तर चिंचोका गोलच राहतो, लवंडतो आणि 'हा पांढरा की काळा' यावर भांडण. प्रत्येक चिंचोका २० वेळा टाकून बघा, सारखी एकच बाजू येत असेल तर बाद.

एफ-३०१: डबा खाऊन उरलेल्या १० मिनिटांत चौघांचा डाव कसा संपेल?

बी-२०१: नाहीच संपत. म्हणून ४ ऐवजी दोनच सोंगट्या प्रत्येकी. आत शिरण्याआधी एकाला तरी मारलंच पाहिजे, हा नियमही शाळेत सोडून द्या. घरी खेळताना मजा येते त्यात, इथे बेल होते आणि निम्मी मुलं बाहेरच्याच घरांत. सोंगट्यांना चार रंगांची बटणं.

जी-७०२: धाकटी भावंडं बालवाडीत असतील तर चिंचोके त्या वर्गात देऊ नका हं. नाकात घालतात.

बी-२०१: बरोबर. तिसरीपासून पुढेच.

एफ-३०१: राजा-वजीर-चोर-शिपाई पण ठेवा ना. १०००, ८००, ५०० आणि चोराला भोपळा. फक्त चिठ्ठ्या वहीच्या कागदाच्या नकोत. दमट हवेत कागद मऊ पडतो, पेनाची शाई मागे उमटते, आणि दुसऱ्याच डावात घडीवरून चोर कळतो. लग्नपत्रिका कापा. एकाच पत्रिकेचे ४ सेंमीचे चार चौकोन, घडी न घालता पालथे ठेवायचे. गणपती छापलेला भाग मात्र घेऊ नका, मागून ओळखू येतो 😀

सी-५०३: मस्त. मग हिशोब असा: ६ पट म्हणजे २४ मुलं, राजा-वजीरचे ३ गट म्हणजे १२, उरले ६?

बी-२०१: त्या ६ जणांना काहीच देऊ नका. चित्र काढणारं, खिडकीतून पाऊस बघणारं कुणीतरी असतंच. सगळ्यांना खेळात ओढलं की तो तास होतो. गट मुलांनाच ठरवू दे, बाईंनी फक्त पिशव्या द्यायच्या.

के-४०४: डब्याचं काय? तेलकट बोटांनी पट आणि पत्रिका दोन्ही बाद.

बी-२०१: चौघांचे डबे बंद, हात धुतलेले, मगच पिशवी. पण इथे एक गोची आहे. सावकाश खाणाऱ्याच्या मागे बाकीचे तिघे 'आटप आटप' करतात आणि तो अर्धी पोळी परत नेतो. म्हणून आधी संपलेल्यांनी वहीत ठिपके-चौकट खेळायची. ठिपके ६ × ६ काढा, घरं होतात २५. विषम आकडा, दोघांत बरोबरी होत नाही. आणि अर्धवट राहिली तरी वही मिटली की झालं, उद्या पुढे.

ए-९०४: सगळं बसूनच चाललंय. शेवटची ३ मिनिटं बाकाशेजारी उभं राहून 'शिवाजी म्हणतो' घ्या. चुकलेल्याला बाद करायचं नाही, आपली चूक आपणच बोटांवर मोजायची. बाद झालेलं पोर भिंतीशी उभं राहिलं की शेजारच्याला गुदगुल्या करणारच. उड्या नकोत, खालच्या मजल्यावर वर्ग असतो. उठाबशाही नकोत, शिक्षा वाटते. हात वर, टाचा वर, एका पायावर १० आकडे, एवढं पुरे. पॅसेजमध्ये पळायचे खेळ तर अजिबात नाही, छत्र्यांचं पाणी असतं.

बी-२०१: आणि सामान मागे कसं येतं ते महत्त्वाचं. चेनच्या पारदर्शक पिशव्या घ्या, आतलं बाहेरून दिसतं. प्रत्येकीवर मार्करने: पट १, चिंचोके ४, बटणं ८. मोजून भरल्याशिवाय चेन लावायची नाही. एक पिशवी नुसत्या सुट्या चिंचोक्यांची आणि बटणांची, भरपाईला.

सी-५०३: पिशव्या, बटणं, मार्कर शनिवारी अब्दुल रहमान स्ट्रीटवरून आणते. चिंचोके ६ × ४ = २४, वर थोडे, म्हणजे ४० धरू? कुणाकडे आहेत का?

जी-७०२: चिंच साफ करून डब्यात भरलेत. ५० सहज निघतील. वॉचमनकडे ठेवते.

के-४०४: पॉलिश पेपर माझ्याकडून. ८० नंबरचा, खरखरीत. बारीक घेतलात तर हात दुखतील.