मदत हवी आहे: सर्क्युलर आरएनए दाबला, पण एमआरएनएसुद्धा घटला!

जळगावकर_बायोटेक: हिमॅन्जिओमाच्या (रक्तवाहिन्यांच्या लाल गाठीच्या) पेशींत एक सर्क्युलर आरएनए (टोकं जुळून वर्तुळ झालेला आरएनए) एसआयआरएनएने (ठरावीक आरएनए कापायला लावणारा छोटा आरएनए) दाबला. पेशींची वाढ मंदावली, पण त्याच जनुकाचा एमआरएनएही (प्रथिनाचा संदेश नेणारा रेषीय आरएनए) घटलाय. मग वाढ नेमकी कशामुळे थांबली? सोमवारी मॅडमना आकडे दाखवायचेत. लवकर सांगा.

तापीकाठ: एसआयआरएनए कुठे बसतो ते लिहिलंच नाही भो.

जळगावकर_बायोटेक: एक्झॉन २ वर (जनुकाचा आरएनएत टिकणारा दुसरा तुकडा). कंपनीच्या यादीत तोच पहिला होता.

तापीकाठ: तो एक्झॉन दोन्हींत आहे, म्हणून दोन्ही कापले जाताहेत. फक्त वर्तुळातच सापडते अशी जागा एकच, बॅक-स्प्लाइसचा जोड, म्हणजे दोन टोकं जुळून वर्तुळ बंद होतं ती जागा. एसआयआरएनए त्या जोडावरच बसवा.

धुळे_लॅब: आधी सीडीएनए (मोजण्यासाठी आरएनएवरून बनवलेला डीएनए) कशाने केला ते विचारा की! वर्तुळाला पॉली-ए शेपूट (एमआरएनएच्या टोकाची 'ए'ची रांग) नसतं, त्या शेपटीलाच चिकटणारा ऑलिगो-डीटी प्रायमर त्याला धरणार कसा?

जळगावकर_बायोटेक: किटमध्ये होतं त्यानेच केला. मोजायचे प्रायमर डायव्हर्जंट (विरुद्ध दिशांना तोंड असलेले, वर्तुळच मोजणारे) आहेत, ते विचारू नका.

धुळे_लॅब: किटमध्ये काय होतं ते बघा. रँडम हेक्सामर (कुठेही चिकटणारे छोटे प्रायमर) घ्या आणि आरएनेज आर (रेषीय आरएनए खाणारं एन्झाइम) देऊन वर्तुळ टिकतं का तपासा.

तापीकाठ: आरएनेज आरमधून काही रेषीय आरएनएही वाचतात. मी अ‍ॅक्टिनोमायसिन डी देतो. नवीन आरएनए बनणं थांबतं, रेषीय झरझर घटतो, वर्तुळ टिकून राहतं.

धुळे_लॅब: त्याने पेशीही मरतात. दोन्ही करा.

सातपुडा: एवढं कशाला? मायक्रोआरएनएचा स्पंज दाखवा, म्हणजे जनुकं दाबणारे छोटे आरएनए वर्तुळ शोषून धरतं ते. सीआयआरएस-७ या वर्तुळावर मिर-७ या मायक्रोआरएनएसाठी सत्तरहून जास्त जागा आहेत, 2013 मध्येच छापून आलंय.

तापीकाठ: ते अपवादात्मक उदाहरण आहे. बहुतेक वर्तुळांवर अशा जागा मोजक्याच असतात. एमआरएनए घटलेला असताना स्पंजची गोष्ट कोण मानेल?

भुसावळची_आई: माझ्या बाळाच्या पापणीवर लाल गाठ आहे, वाढतेय. सासूबाई हळदीचा लेप लावायचा म्हणतात.

धुळे_लॅब: ताई, लेप नको. पापणीवरची गाठ नजर अडवू शकते, याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवा. प्रोप्रॅनोलॉलने हिमॅन्जिओमाच्या अशा गाठी आटतात हे 2008 मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी दाखवलं. पण ते हृदयाचं औषध आहे, स्वतःहून देऊ नका.

जळगावकर_बायोटेक: ताई, खरंच लवकर दाखवा. बाकीच्यांनो, जोडावर एकच एसआयआरएनए बसवला तर चालेल?

तापीकाठ: दोन घ्या, जोडावर थोडे सरकवून. शिवाय वर्तुळ परत घालून वाढ पूर्ववत होते का बघा. सोमवारपर्यंत हे होणार नाही, मॅडमना आजच सांगा.