हॅस्केलमध्ये छोटं वेब अ‍ॅप करायचंय: स्कॉटी, सर्व्हंट की येसोड? आणि कबाल की स्टॅक?

बागेतला_पुतण्या
नमस्कार मंडळी. अंबड एमआयडीसीत एका कंपनीत पीएचपीचं काम करतो, घर निफाड तालुक्यात. काकांची द्राक्षबाग आहे, माल निर्यातीला जातो, त्यामुळे प्रत्येक फवारणीची नोंद लागते. कोणता प्लॉट, डावणीसाठी मारलं की भुरीसाठी, औषध कोणतं, डोस किती, आणि त्याचा पीएचआय, म्हणजे फवारल्यापासून किती दिवस माल तोडायचा नाही. सध्या हे सगळं वहीत आहे. वही कधी शेडमध्ये, कधी ट्रॅक्टरच्या सीटखाली.

यासाठी मोबाईलवर चालेल असं छोटं वेब अ‍ॅप करायचंय. पीएचपीत पटकन होईल, ठाऊक आहे. पण बरेच दिवस संध्याकाळी हॅस्केल शिकतोय, टाइपक्लास आणि मोनॅडपर्यंत आलोय, आता काहीतरी खरं बांधल्याशिवाय पुढे सरकणार नाही असं वाटतं.

अडलंय इथे: फ्रेमवर्क कोणतं घेऊ? बिल्डसाठी कबाल की स्टॅक? आणि ते 'कबाल हेल' म्हणतात ते अजून आहे का? लॅपटॉप ८ जीबी रॅमचा, उबुंटू. गोडी छाटणीच्या आत चालू झालं तर काका खूश.

सातपूरकर
जँगो घे. अ‍ॅडमिन पॅनेल फुकटात मिळतं. काकांना मोनॅड दाखवून काय करणार?

बागेतला_पुतण्या
दादा, काकांना फॉर्मच दाखवणार आहे. मोनॅड माझ्यापाशी राहील.

गोदाकाठची
सातपूरकरांचं काही चूक नाही, पण विचारलंय त्याचं उत्तर देते.

आधी इन्स्टॉल. उबुंटूच्या अ‍ॅप्टमधला जीएचसी, म्हणजे हॅस्केलचा कंपायलर, घेऊ नकोस, बहुतेक वेळा जुना असतो. जीएचसीअप घे. त्यातूनच कंपायलर, कबाल आणि एडिटरसाठीचा हॅस्केल लँग्वेज सर्व्हर येतो. 'जीएचसीअप टीयूआय' केलंस की यादी दिसते, त्यात 'रेकमेंडेड' अशी खूण असलेलंच उचल. सगळ्यात ताजा जीएचसी घ्यायचा मोह होतो, पण नवा आला की बाकीची पॅकेजं त्याच्याशी जुळायला वेळ जातो, आणि लँग्वेज सर्व्हरही ठरावीक जीएचसींवरच चालतो. एखाद्या लेखात 'हॅस्केल प्लॅटफॉर्म उतरवा' असं दिसलं तर तो लेख तिथेच बंद कर. ते कधीच मागे पडलं.

फ्रेमवर्क स्कॉटी. सर्व्हंट मला स्वतःला फार आवडतं: अख्खा एपीआय टाइप म्हणून लिहायचा, मग त्याच टाइपवरून सर्व्हर, क्लायंट, डॉक्युमेंटेशन सगळं. पण हँडलरमध्ये एक पॅरामीटर राहिला तर पडदाभर एरर येते आणि नवख्या माणसाला तिच्यातली कामाची ओळ सापडत नाही. शिवाय तुला जेसन एपीआय नकोच आहे, एचटीएमएल फॉर्म हवेत. येसोड भरभक्कम आहे, लॉगिनपासून डेटाबेसपर्यंत सगळं देतं, पण त्यात टेम्प्लेट हॅस्केल (कंपाइल होतानाच कोड तयार करणं) इतकं की ८ जीबीवर बिल्ड लावलंस की फॅनचा आवाज शेजारच्या बागेत जाईल. तिन्ही शेवटी डब्ल्यूएआय या सामाईक वेब इंटरफेसवर बसतात आणि सहसा वार्प सर्व्हरवरच चालतात, त्यामुळे स्कॉटीत शिकलेलं वाया जात नाही.

एचटीएमएलसाठी ल्युसिड. डेटाबेससाठी पोस्टग्रेसच्या भानगडीत आत्ता पडू नकोस, एसक्यूलाइट-सिंपल घे. त्याच्या खालच्या पॅकेजात एसक्यूलाइटचा सी कोडच सोबत येतो, सिस्टिमवर वेगळी लायब्ररी लागत नाही. पोस्टग्रेसकडे गेलास की आधी 'लिबपीक्यू-डेव्ह' अ‍ॅप्टमधून घ्यावं लागतं, नाहीतर ऐन बिल्डमध्ये 'पीजी-कॉन्फिग सापडत नाही' म्हणून अडतं आणि माणूस उगाच हॅस्केलला शिव्या घालतो.

आता तुझ्या विषयात हॅस्केल खरोखर कुठे उपयोगी पडेल ते सांगते. डोस प्रति एकर आणि डोस प्रति लिटर, दोन्ही नुसते आकडे. प्रत्येकाला वेगळा न्यूटाइप, म्हणजे आकड्याभोवती स्वतःच्या नावाचा टाइप, दे, म्हणजे एकाच्या जागी दुसरा गेला तर बिल्डच होणार नाही. क्षेत्राचंही तेच. वहीत काकांनी १.२० लिहिलं असेल तर ते एक एकर वीस गुंठे, म्हणजे दीड एकर. तू डबल घेतलंस तर प्रोग्रॅम त्याला सव्वाच्याही खाली समजेल आणि सगळे डोस चुकतील. आत सगळं गुंठ्यांत ठेव, पूर्णांकात, आणि एकर फक्त दाखवताना कर. हे पीएचपीतही करता येतं, पण तिथे विसरलास तर कोणी अडवत नाही.

पंचवटी_एक्स्प्रेस
बाकी सगळं मान्य, पण ताईंनी कबाल-स्टॅकवर अजून बोललं नाही म्हणून मी आधी घुसतो. नवख्याने स्टॅक घ्यावं.

कारण एकच, स्टॅकेजचा एलटीएस. एकमेकांसोबत बिल्ड होतात हे तपासलेल्या पॅकेजांचा तो ठरलेला संच असतो. एलटीएस २२ म्हणजे जीएचसी ९.६, एलटीएस २१ म्हणजे ९.४. कॉन्फिगमध्ये ही एक ओळ लिहिलीस की स्कॉटी, ल्युसिड, एसॉन (जेसनची लायब्ररी) सगळ्यांच्या आवृत्त्या ठरल्या. आवृत्त्या जुळवत बसणारा सॉल्व्हर नाही, भांडण नाही. संचाबाहेरचं काही हवं असेल तर 'एक्स्ट्रा-डेप्स'मध्ये आवृत्तीसकट लिहायचं. फक्त एक बघ: स्टॅक आपला स्वतःचा जीएचसी उतरवतो, तो अन् जीएचसीअपचा मिळून डिस्कवर बऱ्याच जीबी जातात. स्टॅकलाही जीएचसीअपचाच कंपायलर वापरायला लावता येतं, ते सुरुवातीलाच करून टाक.

मी ऑफिसचं काम गाडीत करतो. इगतपुरी सोडली की घाटात नेट जातं, म्हणून घरूनच '--ओन्ली-डिपेन्डन्सीज' लावून बिल्ड करून निघतो. कबालमध्येही हेच चालतं.

गोदाकाठची
स्टॅकला विरोध नाही, कंपनीतल्या मोठ्या प्रोजेक्टला मीही तेच सुचवेन. पण एका माणसाच्या छोट्या अ‍ॅपला नुसतं कबाल पुरतं, आणि एरर वाचायची सवय लागते.

'कबाल हेल'चं विचारलं होतंस. पूर्वी सगळ्या प्रोजेक्टांची पॅकेजं एकाच जागी पडायची. एकासाठी काही अपग्रेड केलं की दुसरं मोडायचं. २०१९ मध्ये कबाल ३.० पासून पद्धत बदलली. आता प्रत्येक पॅकेज, त्याची आवृत्ती, फ्लॅग आणि त्याच्या खालची पॅकेजं मिळून एक हॅश, आणि त्या हॅशच्या नावाने स्टोअरमध्ये वेगळी जागा. दोन प्रोजेक्ट एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. एक गोष्ट मात्र करू नकोस: 'कबाल इन्स्टॉल --लिब'. त्याने तुझ्या यूजरखाली एक एन्व्हायर्नमेंट फाइल तयार होते आणि नंतर भलत्याच ठिकाणी भलत्याच आवृत्त्या दिसू लागतात. लायब्ररी हवी असेल तर ती 'बिल्ड-डिपेन्ड्स'मध्ये लिहायची, बस.

आवृत्त्यांचे आकडे एनपीएमसारखे वाचू नकोस. हॅस्केलच्या पीव्हीपी नियमात पहिले दोन आकडे मिळून मेजर आवृत्ती होते. म्हणजे २.१ वरून २.२ हाही मोडतोड करणारा बदल असू शकतो. म्हणून '^>=२.१' लिहिलंस की २.१ च्या पुढचं पण २.२ च्या आतलंच घेतलं जातं. सुरुवातीला सीमा न लिहिता बिल्ड कर, मग 'कबाल जेन-बाउंड्स' तुला सीमा सुचवेल. अ‍ॅप चालू झालं की 'कबाल फ्रीझ' करून ती फाइल गिटमध्ये टाक. प्रोजेक्ट फाइलमध्ये 'इंडेक्स-स्टेट' म्हणून एक तारीखही लिही, म्हणजे हॅकेजवर, हॅस्केलच्या पॅकेज भांडारात, त्या तारखेनंतर आलेलं काही सॉल्व्हरला दिसतच नाही. पंचवटी_एक्स्प्रेस ज्या स्थैर्याबद्दल बोलतायत ते या दोन गोष्टींनी बरंचसं हाती येतं.

बागेतला_पुतण्या
ताई, दादा, आभार. कबालने सुरुवात केली. एका ट्युटोरियलमधली कबाल फाइल जशीच्या तशी घेतली, तर हे आलं: 'बेस ४.१८ नाकारतोय, कारण प्रोजेक्टला <४.१५ हवंय'. मग 'कन्फ्लिक्ट सेट' म्हणून लांबलचक यादी. '--अलाऊ-न्यूअर' लावलं तर सॉल्व्हर गप्प झाला, पण एसॉनच्या ओळींवर कंपाइल होत नाही.

गोदाकाठची
बेस, म्हणजे हॅस्केलची मूळ लायब्ररी, जीएचसीसोबतच येतं. ९.६ सोबत ४.१८, ठरलेलं. <४.१५ म्हणजे ते ट्युटोरियल जीएचसी ८.१० किंवा त्याआधीच्या काळातलं. 'नाकारतोय' म्हणणारी पहिली ओळ आणि तिच्यातलं पॅकेजचं नाव एवढंच आधी बघायचं. खालची यादी नंतर.

अलाऊ-न्यूअर फक्त सीमा काढून टाकतं, कोड बदलत नाही. एसॉन २.० ला ऑब्जेक्टच्या आतला हॅशमॅप जाऊन की-मॅप आला, म्हणून तो जुना कोड अडतोय. फाइल फेकून दे, 'कबाल इनिट'ने स्वतःची नवी कर, ट्युटोरियलमधून कल्पना घे. तुला जेसन लागतच नाही म्हटल्यावर एसॉनला स्वतःहून हात लावायचं कारणही नाही. आणि स्कॉटीच्या जुन्या लेखांत नुसतं 'पॅरम' दिसेल. आता पाथ, फॉर्म आणि क्वेरी यांच्यासाठी वेगवेगळी फंक्शन्स आहेत, तीच वापर.

लिलाव_लासलगाव
मध्येच बोलतो, कारण मराठी मजकूर असणारच तुझ्या अ‍ॅपमध्ये. मी कांद्याच्या भावाचं एक पान हॅस्केलमध्ये चालवतो, त्यातून सांगतो.

'शो' लावून मजकूर छापू नकोस. 'नाशिक' छापायला गेलास तर लॉगमध्ये \२३४४\२३६६ असे आकडे येतात. डेटा खराब झालेला नसतो, शो तसंच दाखवतो. टेक्स्टसाठी 'टेक्स्ट-आयओ'चं छापणारं फंक्शन घे. बाइटस्ट्रिंगचं चार८ मॉड्यूल देवनागरीला अजिबात लावायचं नाही, प्रत्येक अक्षराचे वरचे बिट कापून टाकतं आणि एररही देत नाही. ओव्हरलोडेड स्ट्रिंग्ज लावून बाइटस्ट्रिंगच्या जागी मराठी लिहिलंस तरी तेच होतं. टेक्स्ट वापर आणि बाहेर जाताना यूटीएफ-८ मध्ये एन्कोड कर.

सर्व्हरवर अजून एक गंमत. लॅपटॉपवर सगळं छान, आणि सर्व्हिस म्हणून लावलं की 'इनव्हॅलिड कॅरेक्टर' म्हणून प्रोसेस पडते. सिस्टिमडी किंवा डॉकरमध्ये लोकॅल (भाषा आणि एन्कोडिंगची सेटिंग) सेट नसतो. सर्व्हिस फाइलमध्ये 'लँग' ला 'सी.यूटीएफ-८' दे, नाहीतर मेनच्या पहिल्याच ओळीत लोकॅल एन्कोडिंग यूटीएफ-८ कर. मी दोन्ही करतो.

सातपूरकर
जँगोत यातलं काही लागत नाही, एवढंच नोंदवून ठेवतो.

पंचवटी_एक्स्प्रेस
नोंद घेतली. पुतण्या, रॅमचं राहिलं. कबालला '-जे१' दे, एका वेळी एकच पॅकेज होईल, वेळ जास्त लागेल पण मशीन अडकणार नाही. स्वॅप ठेव. पहिलं बिल्ड लांबतं, नंतर स्टोअरमधूनच घेतं. रोजच्या कामात ऑप्टिमायझेशन बंद ठेव आणि एका टर्मिनलमध्ये जीएचसीआयडी चालू ठेव, सेव्ह केलं की एरर लगेच दिसतात. पूर्ण बिल्ड फक्त शेवटी.

सर्व्हर १ जीबीचा स्वस्तातला घेणार असशील तर त्याच्यावर कंपाइल करायला जाऊ नकोस. लॅपटॉपवर बायनरी कर आणि कॉपी कर. पण दोन्हीकडे उबुंटूची आवृत्ती एकच ठेव. नव्यावर बिल्ड करून जुन्यावर नेलंस तर 'जीलिबसी' या सिस्टिमच्या मूळ सी लायब्ररीची अमुक आवृत्ती नाही म्हणून बायनरी सुरूच होत नाही.

बागेतला_पुतण्या
एररशिवाय पहिलं पान उठलं! प्लॉटची यादी दिसतेय. पीएचआयची तारीख टाइम लायब्ररीने काढतोय, फवारणीचा दिवस अधिक पीएचआयचे दिवस. एक शंका आहे. बागेत रेंज नसते, काका घरी येऊन संध्याकाळी भरतील. ऑफलाइनसाठी हॅस्केलमध्ये काही आहे का?

गोदाकाठची
ऑफलाइन हे ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टचं काम, हॅस्केलचं नाही. आत्ता त्यात शिरू नकोस. त्याऐवजी टेबलमध्ये दोन वेगळे रकाने ठेव: फवारणी कधी केली आणि नोंद कधी केली. पहिला काका स्वतः निवडतील, दुसरा सर्व्हर भरेल. पीएचआय कायम पहिल्यावरून.

पहिल्या रकान्यात आजची तारीख आधीच भरून दाखवणार असशील तर 'गेट-करंट-टाइम'वर थेट विसंबू नकोस, तो यूटीसी देतो. पहाटे साडेपाचच्या आत कोणी अ‍ॅप उघडलं तर यूटीसीत अजून कालचीच तारीख असते, आणि पीएचआय एक दिवस आधी संपल्यासारखा दिसेल. फवारणीचा ब्लोअर पहाटेच सुरू होतो ना तुमच्याकडे? 'मिनिट्स-टू-टाइमझोन'ला ३३० दे आणि लोकल वेळेतून तारीख काढ. तासांचं जे फंक्शन आहे ते पूर्णांकच घेतं, आपले साडेपाच त्यात बसत नाहीत.