वाक् व श्रवण उपचाराच्या पदवीबाबत मार्गदर्शन हवे आहे

सर्वांना नमस्कार. आम्ही इंदूरचे मराठी कुटुंब असून माझी मुलगी यंदा जीवशास्त्र घेऊन बारावीला आहे. दोन वर्षांपूर्वी तिच्या आजोबांना अर्धांगवायू झाला आणि वाचाघातामुळे त्यांचे बोलणे जवळजवळ थांबले. त्यांच्यावरील उपचार हिंदीतून होत असत, परंतु पहिले शब्द परतले ते मराठीतले, संध्याकाळी नातीबरोबर रामरक्षा म्हणताना. तेव्हापासून तिने हाच अभ्यासक्रम करायचे ठरवले आहे.

बी.ए.एस.एल.पी. ही वाक् व श्रवण उपचाराची पदवी इंटर्नशिपसह चार वर्षांची असून व्यवसायासाठी १९९२ च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, एवढी माहिती आम्ही मिळवली आहे. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था आणि मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था, या दोन्ही आमच्या विचारात आहेत.

माझी खरी अडचण भाषेची आहे. या शिक्षणात प्रत्यक्ष रुग्णांबरोबरचे काम मोठे असते. मग कन्नड न येणाऱ्या विद्यार्थिनीला म्हैसूरमध्ये ते कसे जमते, आणि मराठी व हिंदी रुग्ण अधिक भेटावेत म्हणून मुंबईलाच प्राधान्य द्यावे का? मला स्वतःला मुंबई योग्य वाटते, तिचा ओढा मात्र म्हैसूरकडे आहे. आपल्यापैकी कोणी किंवा आपल्या मुलांनी या संस्थांत शिक्षण घेतले असल्यास प्रवेश परीक्षेची तयारी, वसतिगृह आणि विशेषतः भाषेचा अनुभव कृपया सविस्तर लिहावा.