शब्द हवाय: कायनेटिक स्कल्प्चर (आणि 'गती' म्हणजे नक्की काय?)

पाटीपेन्सिल:
फ्रान्समधल्या नांत शहरातल्या यांत्रिक हत्तीवरचा एक लेख मराठीत करतेय. पोलादी सांगाडा, वरून लाकडाचं अंग, 12 मीटर उंच, 48 टन वजन, पन्नासेक माणसं घेऊन जुन्या जहाजबांधणीच्या आवारात फिरतो आणि सोंडेतून लोकांवर पाणी उडवतो. 2007 पासून चालू आहे. विज्ञानकथा लिहिणाऱ्या ज्यूल व्हर्नचा जन्म याच गावचा, 1828 चा, आणि हत्तीही त्याच्या गोष्टीतून उठून आल्यासारखा. कायनेटिक स्कल्प्चर, म्हणजे हलणारं शिल्प, यासाठी मी 'गतिशिल्प' लिहिलं, तर संपादकांनी समासात लिहून पाठवलं की गती कसली, हा तर रमतगमत चालतो. दुसरी अडचण रेट्रो सायन्स फिक्शनची, म्हणजे आधीच्या पिढ्यांनी रंगवलेलं भविष्य. यासाठी काय वापरता?

चौथीचा बाक:
शाळेच्या विज्ञानात गती म्हणजे मोशन, चाल म्हणजे स्पीड आणि वेग म्हणजे व्हेलॉसिटी. न्यूटनचे गतिविषयक नियम आपण तसेच शिकलो. पण घरी कुणी "कामाला गती द्या" म्हटलं की त्याचा अर्थ लवकर उरका असाच होतो, त्यामुळे संपादकांचं अगदीच चूक नाही. गतिज ऊर्जा म्हणतो तसं 'गतिज शिल्प' करा की.

बोरू:
गतिज म्हणजे गतीतून जन्मलेलं. ऊर्जेला ते शोभतं, हत्ती काही गतीतून जन्मला नाही. माझं मत 'चलशिल्प'. कायनेटिक आणि सिनेमा दोन्ही एकाच ग्रीक धातूतून आलेत, हलवणे या अर्थाच्या, आणि सिनेमाला आपण चलचित्र म्हणतोच. अमेरिकन शिल्पकार काल्डरच्या हलत्या कलाकृतींना 1931 मध्ये फ्रेंच कलावंत द्युशाँनी 'मोबाइल' नाव दिलं, पण आपल्याकडे आता तो शब्द फोननी नेलाय, म्हणून चलशिल्पच बरं.

देवळाची पायरी:
बोरू, इथे मात्र मोठा घोळ होईल. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या पूजा आहे म्हणून सांगते, चल मूर्ती म्हणजे पालखीत घालून नेता येते ती आणि अचल म्हणजे गाभाऱ्यात कायमची बसवलेली. उत्सवमूर्ती चल असते पण तिचं बोटसुद्धा हलत नाही! चलशिल्प वाचून मला उचलून नेता येणारं शिल्पच डोळ्यापुढे येतं, आणि 48 टनांचा हत्ती कोण उचलणार? जंगमचंही तेच, स्थावर-जंगम म्हटलं की दागिने आणि भांडीकुंडी आठवतात.

वायपरवाला:
तुम्ही सगळे संस्कृतात शोधताय, शब्द आपल्या गल्लीत आहे. हलता देखावा! आमच्या मंडळाचा गजेंद्रमोक्ष मी आणि काकांनी मिळून केला होता, सोंडेला आतून बांबूच्या चकत्या, मधून नायलॉनची दोरी, दोरीचं टोक चाकाच्या कडेला ठोकलेल्या खिळ्याला आणि चाक जुन्या जीपच्या वायपरच्या मोटारीवर. चाक फिरलं की दोरी ओढली जायची आणि सोंड वर, सैल पडली की खाली. चौथ्या दिवशी ऐन गर्दीत दोरी तुटली, काका आत शिरून आरतीपर्यंत हाताने सोंड हलवत बसले आणि बाहेर कुणाला कळलं नाही. नांतच्या हत्तीचं तत्त्व काय वेगळं आहे, दोरीच्या जागी हायड्रॉलिक एवढंच.

बोरू:
आठवण फार आवडली, पण देखावा दहा दिवसांनी उतरवतात. शिल्प हा शब्द सोडला तर त्या कारागिरांचं कामच छोटं होतं, आणि 'हलता देखावा' लेखाच्या मथळ्यात घातला तर वाचक गणपतीच शोधेल.

वायपरवाला:
छोटं का होतं? हलत्या देखाव्याला कमी मानायचं ही सवयच मुळात चुकीची आहे.

चौथीचा बाक:
मग 'कळसूत्री शिल्प'? कळ म्हणजे यंत्राचा भाग, कळफलक त्यातलाच, हिंदीतलं कल-कारखाना पण. कळ आणि सूत्र दोन्ही आहे, वायपरवाल्यांची दोरीसुद्धा आली.

देवळाची पायरी:
कळसूत्री आता फक्त बाहुलीला आणि दुसऱ्याच्या तालावर नाचणाऱ्या माणसाला राहिलाय हो. पण शब्द गोड आहे, तो परत आणायला हवा असं मलाही वाटतं.

पाटीपेन्सिल:
सगळ्यांचे आभार, पण रेट्रोचं राहिलंच. मी सध्या 'जुन्या काळाचं भविष्य' लिहिलंय, लांब आहे. आणि एक सांगायचं राहिलं, व्हर्नची 1880 ची एक कादंबरी आहे, तिच्यात वाफेवर चालणारा हत्ती दोन घरं ओढत भारतभर फिरतो, सोंड म्हणजे त्याचं धुराडं. ती सुरू होते औरंगाबादेत, 1857 च्या उठावातल्या नानासाहेब पेशव्यांना पकडून देणाऱ्याला इनाम लावलेल्या जाहिरातीपासून!

बोरू:
काय सांगता! नानासाहेबांचं 'धोंडोपंत' हे नाव कसं लिहिलंय त्याने?

पाटीपेन्सिल:
दांदू-पंत.

देवळाची पायरी:
फ्रेंच कानाला ध, ड आणि द सारखेच. माझ्या सासऱ्यांचं नावही एका साहेबानं असंच लिहिलं होतं, मोठा किस्सा आहे, रात्री लिहिते.

चौथीचा बाक:
वायपरवाले, मोटार बारा व्होल्टची ना? मग मांडवात बॅटरी ठेवायचात की ट्रान्सफॉर्मर? आमच्या सोसायटीत यंदा गरुड करायचाय, पंख दोन्ही एकदम हलायला हवेत.