पोरांच्या हातची पहिली भाजी: तुमचं काय झालं?

म्हापसा, धागाकर्ती
साडेचार वर्षांच्या लेकाने बालवाडीतून येताना खिसाभर चिंचोके आणले. "आई, हे पेरूया." पेरले. पण चिंचा लागेपर्यंत त्याचं लग्न होईल, म्हणून शुक्रवारच्या बाजारातून तांबड्या भाजीचं (लाल माठाचं) बी आणलं. त्याने सगळी पुडी एकाच जागी ओतली. दुसऱ्या दिवशी मुंग्यांची रांग, आणि हा मुंग्या बघण्यातच खूश! तुमच्याकडे काय घडलं ते लिहा. सल्लेही चालतील, पण आधी फजिती.

डिचोली, आजी
अगो, ते बी मोहरीहून बारीक. सुक्या रेतीत आणि चुलीच्या राखेत कालवून चिमटीचिमटीने टाकायचं, राखेला मुंग्या सहसा येत नाहीत. वर माती लोटायची नाही, तळहाताने थापायचं. थापायचं काम पोरांना फार आवडतं. चार-पाच दिवसांत लाल ठिपके दिसले तेव्हा नात ओरडली, "आजी, मातीला पुरळ आलं!" दाटी झाली तेव्हा मात्र उपटू देईना. "बाळं आहेत ती." शेवटी ती झोपल्यावर मी विरळणी केली आणि रात्री खोबरं घालून तीच भाजी. मिटक्या मारत जेवली. अजून सांगितलेलं नाही.

पणजी, फ्लॅटवाले
आमच्याकडे अंगण नाही, गॅलरीत करवंट्या. नारळाला तीन डोळे, त्यातला एकच मऊ, कोंब तिथूनच येतो. तो डोळा मुलाला बोटाने शोधायला लावला, भोक मी पाडलं. पाणी निथळायची सोय फुकटात झाली. त्यात चवळी लावली. चवळी उगवताना दाणाच उचलून वर आणते. याला वाटलं, मातीने बी परत केलं. सकाळी उठून सगळे दाणे परत आत दाबले. माना मोडल्या. दुसऱ्या खेपेला एक चवळी ओल्या फडक्यात काचेच्या पेल्यात ठेवली, रोज बघायला. मग करवंट्यांना हात लावला नाही.

वाळपई
आमचं माकडांनी खाल्लं. पुढचं काही नाही.

काणकोण
खोल्याच्या (आमच्या इथल्या खोला गावच्या) मिरचीची रोपं लावलीत तर तोडणी पोरांना देऊ नका. लेकीने त्याच हाताने डोळा चोळला. हात नुसत्या पाण्याने धुऊन भागत नाही, आधी खोबरेल चोळायचं, मग साबण. डोळ्यात मात्र फक्त पाणी.

फोंडा, बाबा
पहिल्या पावसात मुलीने काकडीच्या चार बिया टोचल्या, चवथीला माटोळीला, म्हणजे गणपतीवर फळं-भाज्या टांगायच्या लाकडी चौकटीला, बांधायची म्हणून. वेल मांडवावर गेला, पिवळी फुलं आली आणि गळायला लागली. ती रडायला आली. मग फुलं उलटी करून दाखवली: नुसत्या देठाची ती नर, ती गळायचीच, जिच्या मागे बोटभर लवदार काकडी असते ती मादी. त्यानंतर शाळेत जायच्या आधी रोज मोजणी. पागोळ्यांखालचे दोन वेल कुजले, ते मी चुकीच्या जागी लावायला सांगितले म्हणून माझ्या नावावर. एकच काकडी वेळेवर आली, वाकडी. बायको म्हणाली, माटोळीला बरी दिसणार नाही. मुलीने स्वतः खुर्चीवर चढून मधोमध बांधली, सुपारीच्या घोसाशेजारी. दीड दिवसाचा गणपती गेला तरी खाली काढू देत नव्हती.

म्हापसा, धागाकर्ती
मुंग्यांनी सोडलेलं थोडं उगवलं, राखेची युक्ती दुसऱ्या वाफ्याला केली. आणि एक चिंचोका रुजलाय, अंगणातल्या नळाच्या बरोबर खाली. आता तिथे बादली ठेवायची बंदी आहे.